शेषरावची पडताळणी

कारंज्याच्या एका सहकारी जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, शेषराव पट्टेबहादूर नावाचा शिपाई होता. कामगार आजारी म्हणून घरी राहिला, तर तो खरंच आजारी आहे का हे त्याच्या घरी जाऊन पाहायचं आणि साहेबाला येऊन सांगायचं, हे त्याचं काम. असं काम जगात असतं यावर त्याच्या सासऱ्याचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. जावई काय करतो असं कोणी विचारलं की म्हातारा "जिनमंदी हाय" एवढंच सांगायचा आणि पावसापाण्याचं बोलायला लागायचा.

शेषराव इंझोरीचा. बाप दुसऱ्याच्या वावरात राबणारा, पण छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि आल्या आल्या पोराचा हात धरून शाळेत गेला. शेषराव सातवी पास झाला आणि त्या घरातला पहिला पगारी माणूस ठरला. पगारी, पण कायम नव्हे. दिवाळीनंतर कापसाच्या बैलबंड्या यायला लागल्या की जिन सुरू व्हायची आणि उन्हाळ्यात ती बंद पडली की शेषराव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचा. सलग तीन हंगाम खंड न पडता भरले तर शिपायाला कायम करायचं, असा संस्थेचा ठराव होता. खंड म्हणजे मंजुरीशिवाय झालेली एक जरी गैरहजेरी. तशी झाली की मागचं सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून. मागे एकदा शेषराव मामाच्या मयतीला गेला आणि भरलेले दोन हंगाम धुऊन बसला. आता मोठ्या मुश्किलीनं पुन्हा तिसरा हंगाम चालू होता. त्याची बायको भागिरथा रोज सकाळी भाकरी बांधून देताना एकच म्हणायची, "पोट दुखलं तं दुखू द्या, पाय मोडला तं लंगडत जा, पन जा."

त्याच वर्षी आणीबाणी आली आणि तिच्यामागोमाग खांबेटे साहेब आले. पुण्याकडचे, सडपातळ, नाकावर चष्मा आणि चष्म्यावर शिस्त. मॅनेजर म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी हजेरीचं पुस्तक मागवलं आणि त्यांना धक्काच बसला. ऐन हंगामात अर्धी जिन आजारी. तूर कापायला आली की माणसं आजारी पडत, लग्नाची तिथी आली की आजारी पडत, शेगावला जायचं झालं तरी आधी आजारी पडत. यात लबाडी थोडी आणि नाइलाज फार होता. हंगामात दुसरी कुठली रजाच मिळत नसे. जी काय मिळे ती आजाऱ्याला. मग माणसानं करावं काय? पण हे पुण्याच्या माणसाला कोण सांगणार, आणि आणीबाणीत तर कोणीच कोणाला काही सांगत नव्हतं.

साहेबांनी आजारपणाच्या रजेचे नियम टाईप करून घेतले आणि टाइमकीपर मुनाफच्या खिडकीशेजारी भिंतीवर लावले. एक दिवसाचा आजार असला तर नुसता अर्ज चालेल. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे. शंका आली तर पहिल्याच दिवशी घरी माणूस पाठवून पडताळणी होईल. मॅनेजरची स्वतःची खात्री पटली तर तो चिठ्ठी माफ करू शकेल. आणि सगळ्यात खाली एक कलम होतं, ते साहेबांनी कुठल्याशा सरकारी पुस्तकातून जसंच्या तसं उतरवलं होतं: आजारपणाच्या रजेवर असलेल्या इसमाकडून संस्था कोणतेही काम घेणार नाही. एवढं खालपर्यंत कोणी वाचलं नाही. शेषरावनं मात्र वाचलं, कारण कागदाला खळ लावून तो भिंतीवर चिकटवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि खळ वाळेपर्यंत कागद धरून उभं राहावं लागतं.

नियम कागदावर देखणे होते. घोळ एवढाच होता की डॉक्टर बसायचा कारंज्यात आणि कामगार राहायचे खेड्यांत. जो चिठ्ठी आणायला तालुक्याला येऊ शकतो तो आजारी नाही, आणि जो खरा आजारी आहे त्याच्यानं येववत नाही. तेव्हा चिठ्ठ्या मिळायच्या त्या सगळ्या धडधाकट लोकांनाच. बसस्टँडजवळच्या गुल्हाने डॉक्टरला तर एव्हाना सरावच झाला होता. माणूस दारात दिसला की तो मान वर न करता विचारायचा, "किती दिवसाचं लिहू?" थंडीत तो सगळ्यांना खोकला लिहायचा आणि थंडी सरली की पोटशूळ.

चिठ्ठ्यांवर साहेबांचा विश्वास नव्हता, म्हणून पडताळणी आली, आणि फाटक उघडणारा शेषराव सायकलवर बसला. निघताना साहेब म्हणाले, "शेषराव, एक तरी लबाड मला रंगेहाथ पकडून दाखव. तुझं कायमचं प्रकरण माझ्याच हातात आहे, लक्षात ठेव." शेषरावनं ते इतकं लक्षात ठेवलं की पहिल्या दिवशी त्याला सायकलवर बसल्या बसल्या घाम फुटला.

पहिली फेरी धनजला, पंजाबराव फिटरच्या घरी. गावाच्या वेशीपर्यंत शेषराव तावातावानं गेला आणि तिथं त्याचे पाय जमिनीला टेकले. आजारी माणसाच्या घरी आपण रिकाम्या हातानं चाललो आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं. आमच्याकडे वैऱ्याच्या घरी कोणी आजारी असलं तरी पाहायला जातात, आणि जाताना हातात काहीतरी असतं. आता शेषराव जात होता तो पकडायला, पण घर तर आजाऱ्याचं होतं. त्यानं पुष्कळ विचार केला, खिसा चाचपला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून ग्लुकोज बिस्किटांचा एक पुडा घेतला.

पंजाबराव खरोखरच गोधडी घेऊन पडला होता. त्याची आई चंपाबाई दारात आली.

"साहेबानं पाठवलं," शेषराव म्हणाला आणि घाबरून आधी पुडाच पुढे केला.

"साहेबानं?" चंपाबाईनं पुडा उलटापालटा करून पाहिला. "माय वो. आजपावतर कोन्या साहेबानं इचारलं नाई. मोठ्या मनाचा मानूस दिसते तुमचा साहेब."

शेषराव खुलासा करायला तोंड उघडणार, तेवढ्यात चहा आला. कपाला कान नव्हता, आणि तो आला होता वळचणीतून. चंपाबाईनं तो ओट्याच्या कडेला ठेवला आणि चार बोटं वरून चहा ओतला. शेषराव कपाकडे पाहत राहिला. असे कप त्याच्या बापानं धुऊन परत ठेवले होते. "चहा सोडला मी, माय," तो म्हणाला. येतानाच त्यानं बसस्टँडवर दोन कप रिचवले होते. गोधडीतून पंजाबरावनं हे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून निजला.

परत येऊन शेषरावनं अहवाल लिहिला: "घरी गेलो. माणूस खाटेवर होता. हात गरम लागला." कपाचं त्यात काही आलं नाही, त्यासाठी रकाना नव्हता.

पुढे सगळे अहवाल त्यानं असेच लिहिले. एक गोष्ट त्यानं पक्की धरली होती, कागदावर खोटं उतरवायचं नाही. सातवीपर्यंत शिकवणाऱ्या बापाची ती आण होती. डोळ्याला दिसेल तेवढंच लिहायचं. कोणी घरी नसला तर तो लिहायचा, "घरी गेलो. माणूस नव्हता. घरचे म्हणाले, डॉक्टरकडे गेला." तो डॉक्टरकडे गेलेला माणूस ज्या वावरात तूर कापत होता ते वावर शेषरावला रस्त्यावरून दिसायचं, पण वावर काही त्याच्या पडताळणीत येत नव्हतं. इंझोरीजवळच्या तांड्यावरच्या भाऊसिंगाकडे तो गेला तेव्हा भाऊसिंगाची बायको तापानं फणफणली होती आणि तिच्या उशाशी धडधाकट भाऊसिंग आपला कण्हत बसला होता. बायको आजारी म्हणून रजा कुठल्याच कलमात नव्हती. शेषरावनं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि लिहिलं, "घरी गेलो. खाट होती. खाटेवर माणूस होतं. हात लावून पाहिला, ताप आहे." यात खोटं काय?

साहेब वैतागायचे. "हा अहवाल आहे की कविता? अजून एकही लबाड नाही?"

"नाई साहेब. आजारच लय हाय यंदा."

इकडे गावोगाव भलतंच चाललं होतं. शेषराव जाईल तिथं पुडा नेई, आणि दर वेळी बोलायची सुरुवात "साहेबानं पाठवलं" अशीच होई. पहिल्या दोन-तीन घरी त्यानं खुलासा करून पाहिला. मग सोडून दिला. खांबेटे साहेबांचं नाव पंचक्रोशीत झालं. रुई वेचणाऱ्या बाया साहेब दिसले की पदर सावरून नमस्कार करू लागल्या. धनजच्या एका बंडीवाल्यानं टोपलीभर बोरं आणून टेबलावर ठेवली आणि काही न बोलता निघून गेला. साहेबांना वाटलं, हे शिस्तीचं फळ. त्यांनी नियमाचा आणखी एक कागद टाईप करायला टाकला. शेषरावच्या पगाराला मात्र बिस्किटांची गळती लागली होती आणि भागिरथा म्हणायची, "सारं गाव खाते बिस्कुटं, अन् आपल्या घरी चहाले गूळ."

असं चालत चालत हंगाम उताराला लागला. महिना-दीड महिना राहिला असेल, आणि शेषरावला हिव भरलं.

रात्रीच दात वाजायला लागले. सकाळी तो सवयीनं उठला, सायकलपर्यंत गेला आणि सायकल धरून तिथंच खाली बसला. भागिरथानं, जी रोज पाय मोडला तरी जा म्हणायची, त्याच भागिरथानं त्याला उचलून खाटेवर टाकलं आणि घरात होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या वर घातल्या. शेषरावनं पडल्या पडल्या रजेचा अर्ज लिहिला आणि जिनला निघालेल्या भाऊसिंगापाशी दिला.

संध्याकाळी भाऊसिंग तोच अर्ज घेऊन परत आला. त्याचा चेहरा पडला होता. अर्जावर मुनाफनं नेहमीचा शिक्का मारला होता: पडताळणी करून अहवाल द्यावा. खाली नाव, शेषराव शिपाई.

"मी म्हनलं मुनाफभाईले," भाऊसिंग म्हणाला, "का हे कसं होईन? थो म्हने, साहेबाचा हुकूम हाय, सगळ्या अर्जीवर मारा. शेषरावले सोडलं तं माही नौकरी जाईन."

भागिरथानं कपाळावर हात मारला. पण शेषरावनं अर्ज दोनदा वाचला आणि तो उठून बसला. हुकूम होता, आणि हंगाम तिसरा होता. त्यानं पेन्सिल मागितली, कागद मांडीवर घेतला, "घरी" एवढं लिहिलं आणि थांबला.

"काय झालं?" भागिरथानं विचारलं.

"घरी गेलो, असं लिहा लागते. पन मी गेलो कुठी? मी तं घरीच हाय."

"मंग लिहा ना, घरीच हाय म्हनून."

"तसं नाई चालत. पडताळनी म्हनजे बाहेरून आलं पाह्यजे." ताप त्याच्या डोळ्यांत चढला होता. त्यानं गोधड्या सारल्या, भिंत धरत धरत तो दारापर्यंत गेला, दाराबाहेर गेला, सायकलपाशी उभा राहिला आणि त्यानं घंटी वाजवली.

"शेषराव पट्टेबहादूर घरी हाय का?"

भागिरथा उंबऱ्यात उभी राहून नवऱ्याकडे पाहत होती. भाऊसिंग म्हणाला, "वैनी, हो म्हना. लवकर मोकया होईन थो." ती हो म्हणाली. शेषराव रीतसर आत आला, खाटेजवळ उभा राहिला, आणि त्यानं पाहिलं तर खाट रिकामी.

तो कितीतरी वेळ त्या खाटेकडे बघत होता. मग खाली बसून त्यानं अहवाल पुरा केला: "घरी गेलो. माणूस खाटेवर नव्हता." सही केली, कागद भाऊसिंगाच्या हातात दिला आणि गोधडीत शिरला. एवढं करून त्याला शांत झोप लागली, कारण खोटं त्यानं लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला अकोल्याला होते. मुनाफनं अहवाल वाचला, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि दुपारी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं, "खुदा की कसम, शेषरावनं सोताच्याच खिलाफ लिहून देलं. उद्या साहेब वाचन, अन् खंड पाडन."

त्या टपरीवर असा एक माणूस नव्हता ज्याच्या घरी शेषरावचा पुडा गेला नव्हता, आणि असाही फारसा नव्हता ज्याचं तूर कापणं शेषरावनं रस्त्यावरून पाहिलं नव्हतं. शेवटी पंजाबराव फिटर उठला. "चिठ्ठी तरी आनू त्याच्यासाठी," म्हणाला आणि गुल्हाने डॉक्टरकडे गेला.

डॉक्टर उखडला. "पेशंट पाहिल्याशिवाय चिठ्ठी देत नाही मी."

"मले तरी कुठी पाह्यलं होतं?"

"तू समोर तरी उभा होतास."

"मंग माहीच द्या," पंजाबराव म्हणाला. "उद्याची. म्या जातो त्याले पाहाले." त्याच्यामागे मुनाफ सोडून सगळी टपरी रांगेत उभी होती. डॉक्टरनं संध्याकाळपर्यंत पोटशूळ लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांबेटे साहेब आले तेव्हा भोंगा वाजून गेला होता आणि जिन गप्प होती. टेबलावर चिठ्ठ्यांची चळत. साहेबांनी एक वाचली, दुसरी वाचली, मग नुसत्या पत्त्यांसारख्या पिसून टाकल्या.

"एवढ्या पोटांनी एका रात्रीत खाल्लं तरी काय? मुनाफ, शेषरावला बोलवा. आज एकेकाला धरतो."

"शेषराव आजारी हाय साहेब."

"तोही? पडताळणी केली?"

"केली ना साहेब. त्यानंच केली."

साहेबांनी अहवाल वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला. "माणूस खाटेवर नव्हता? मग होता कुठे?"

"पडताळाले गेल्ता साहेब."

साहेबांना काही समजलं नाही, आणि जे समजत नाही त्यात लबाडी असते असं त्यांचं मत होतं. त्यांनी स्कूटर काढली, रस्ता दाखवायला मुनाफला मागे बसवलं, आणि इंझोरीच्या वाटेनं धुरळा उडवत निघाले. "मीच पकडतो याला," ते वाटेत दोनदा म्हणाले. मुनाफ मागे बसून मनातल्या मनात दुआ मागत होता.

इकडे शेषरावच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. खाट बाहेर उन्हात आणली होती. शेषरावच्या उशाशी बिस्किटांचे पुडे रचले होते. जो आला तो एक पुडा ठेवून बसला. कोणी त्याचे पाय चेपत होतं, कोणी हिवावर कडुनिंब बरा की काढा बरा यावर वाद घालत होतं, भाऊसिंगाची बायको आत भागिरथाला चहाला हात लावत होती. पंजाबराव सगळ्यांच्या मागे, पार कुंपणाशी टेकून उभा होता. चहा फिरत फिरत त्याच्याकडे आला. चांगला कानाचा, फुलाफुलांचा कप, भागिरथानं लग्नातला काढला होता. सगळ्यांच्या नजरा त्या कपावर गेल्या. धनजच्या पंजाबरावच्या घरचा वळचणीतला कप यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक होता, काहींनी तर तो तोंडालाही लावला होता.

पंजाबराव कपाकडे पाहत राहिला. मग पुढे आला, खाटेच्या कडेला शेषरावच्या पायाशी बसला आणि त्यानं तो चहा प्याला. खाली बशीत सांडलेलाही प्याला. "वैनी," तो म्हणाला, "अजून हाय का?" दुसरा कप त्यानं मागून घेतला, हे मी मुद्दाम सांगतो. शेषरावनं गोधडी डोळ्यांपर्यंत ओढली. तापात डोळ्यांना पाणी येतं, म्हणून कोणी काही विचारलं नाही.

तो दुसरा कप पंजाबरावच्या ओठाला लागला आणि कुंपणाशी स्कूटर थांबली.

साहेबांनी अंगण पाहिलं. चिठ्ठ्यांच्या चळतीतला एक न एक पोटशूळ तिथं मांडी घालून चहा पीत होता. कोणाला पळायला वाट नव्हती. एकच फाटक, आणि त्यात साहेब. सगळ्यांचे कप जिथल्या तिथं थांबले.

साहेब हळूहळू चालत खाटेपाशी आले. त्यांचा आवाज शांत होता, त्यामुळे जास्तच भीती वाटली. "शेषराव, मी तुला काय सांगितलं होतं? एक तरी लबाड दाखव म्हणून सांगितलं होतं ना?"

"हो साहेब." शेषराव उठायला लागला. पंजाबरावनं त्याला धरलं.

"आज सगळे तुझ्याच दारात आहेत. तू आजवर खोटं लिहिलं नाहीस म्हणतात. तर आता सांग. ही माणसं आजारी आहेत की नाहीत? हो की नाही, एवढंच. सांगितलंस तर आजच तुझा कायमचा कागद बोर्डाकडे पाठवतो. नाही सांगितलंस, तर तुझी चिठ्ठी नाही, अहवाल असा उलटा. खंड पडेल."

भागिरथा दारात पदर तोंडात धरून उभी होती. हो म्हटलं तर खोटं होतं. नाही म्हटलं तर अंगणातल्या प्रत्येक घरची चूल विझत होती. आणि गप्प बसलं तर स्वतःची. शेषराव आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहू लागला. त्याची नजर मुनाफवर आली, मुनाफवरून त्याला ती खिडकी आठवली, खिडकीवरून भिंत, आणि भिंतीवर खळ वाळायची वाट पाहत त्यानं धरून ठेवलेला तो कागद.

"साहेब," तो म्हणाला, दात वाजत होते, "मी आज पडताळनी नाई करू शकत."

"का?"

"मी आजारी हाय. आजारपनाच्या रजेवर असलेल्या इसमाकडून संस्था कोणतंही काम घेणार नाही. तुमचंच कलम हाय, सगळ्यात खालचं."

मुनाफला ठसका लागला. साहेबांना ते कलम आठवत होतं की नव्हतं देव जाणे, पण नियम म्हटला की त्या माणसाची मान आपोआप खाली जायची. मग त्यांनी हात पुढे केला आणि शेषरावच्या कपाळावर ठेवला, आणि चटका बसल्यागत मागे घेतला.

"अरे, हा तर भाजतोय," ते म्हणाले. ओरडायचं विसरूनच गेले होते. "औषध काय दिलं याला? दवाखान्यात कोणी नेलं नाही?"

"कसं नेनार साहेब," भाऊसिंग म्हणाला, "सायकल एकच, अन् चालवनारा हाच."

कोणीतरी साहेबांखाली बाज सरकवली. भागिरथानं चहा आणला. साहेबांनी कप घेतला आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की अंगणात आलेला एकूण एक माणूस काही ना काही घेऊन आला होता आणि भागिरथा मघापासून साहेबांच्याच हातांकडे पाहत होती. ते ओशाळले. "मी तसाच आलो हो," म्हणाले, "रिकाम्या हातानं."

"असू द्या साहेब," भागिरथा म्हणाली, "तुमचे पुडे हंगामभर घरोघरी पोचले."

"माझे पुडे?"

साहेबांना कळेना. अंगणातले लोक मग एकदम बोलायला लागले, की साहेब, माही माय आजारी होती तवा तुमीच पाठवला होता, अन् आमच्या घरी दोनदा आला, अन् आजपावतर कोन्या साहेबानं इचारलं नाई. साहेब ऐकत राहिले. त्यांनी कोणाला कधी काही पाठवलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खाटेकडे पाहिलं. शेषरावनं डोळे गच्च मिटून घेतले होते. आता गुन्हा उघडकीला आला असं त्याला वाटत होतं.

साहेबांनी चहा संपवला. त्यांनी मुनाफकडून अर्ज मागून घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं (मी तो कागद पुढे पुष्कळ वर्षांनी जिनच्या फायलीत पाहिला आहे): "घरी गेलो. माणूस खाटेवर होता. हात गरम लागला. चहा घेतला. चिठ्ठी माफ." सही करून ते उठले, अंगणाकडे पाठ केली आणि कोणाकडेही न पाहता म्हणाले, "दुपारच्या भोंग्याला ज्याचा पोटशूळ थांबलेला असेल, त्याची सकाळ मी पाहिलेली नाही."

मग त्यांनी आणि पंजाबरावनं मिळून शेषरावला स्कूटरवर मधे बसवलं, पंजाबराव मागून धरून बसला, आणि तिघं कारंज्याच्या दवाखान्याकडे निघाले. मुनाफ पायी आला. दुपारचा भोंगा वाजला तेव्हा जिन पुरी चालू होती.

हंगाम संपताच शेषराव कायम झाला आणि खडी फोडायला पुन्हा कधी गेला नाही. पडताळणीचं काम त्याच्याकडेच राहिलं. दर महिन्याला एक तारखेला साहेबांच्या टेबलावर त्यांच्याच पगारातले बिस्किटांचे पुडे येऊन पडायचे. साहेब वर न पाहता ते शेषरावकडे सरकवायचे आणि शेषराव वर न पाहता पिशवीत भरायचा. धनजला पंजाबरावच्या घरी तो पुढेही गेला, चंपाबाईच्या दुखण्यात. तिनं स्वतः उठून आतल्या फळीवरचा कप काढला. शेषरावनं चहा पुन्हा धरला होता.